कडब्याची पारख आणि तणसाचं बूड

"मावशी, तुमचं तणस उचलून घेऊन जा," रमेश गोठ्याच्या दारातच म्हणाला. चहाचं विचारलं नाही. तेव्हाच समजलं की गोष्ट साधी नाही.

"काहून? सडलं काय?"

"सडलं असतं तं बरं झालं असतं. डोळ्याले दिसलं असतं. दूध उतरून राहिलं, मावशी. तुमची ट्रॉली खाली झाली तवापासून."

रमेशचा गोठा खाप्याला, कन्हान नदीच्या अलीकडे. बावीस म्हशी. त्याचं दूध रोज नागपूरच्या इतवारीतल्या एका खव्याच्या भट्टीवर जातं. भट्टीवाल्याचे मिठाईवाले ठरलेले, म्हणून त्याला दूधही ठरलेलंच लागतं. रमेश रोज चार कॅन पाठवायचा. पंधरा दिवसांपासून तीनच भरत होते. भट्टीवाल्याने त्याला महिनाअखेरची मुदत दिली होती. तोवर चौथा कॅन आला नाही तर तो दुसरा गोठा बघणार होता. महिना संपायला अठरा दिवस होते.

आता माझा धंदा सांगते. मी चारा विकते. धान कापून, चुरून दाणे काढले की जे काड उरतं त्याला आमच्याकडे तणस म्हणतात. ज्वारीचं उरतं तो कडबा. शहरातल्या माणसाला दोन्ही पिवळं गवतच वाटतं. म्हशीला तसं वाटत नाही.

हा धंदा वर्षातून एकदाच करायचा असतो. कापणी झाली की गावोगाव फिरायचं, माल बघायचा, उचलायचा आणि गोठ्यांवर पोचवायचा. गोठेवाला त्याची गंजी रचतो आणि पुढच्या कापणीपर्यंत तीच पुरवतो. म्हणजे मी चूक केली तर ती चूक बारा महिने गव्हाणीत पडते. म्हणून लोक माल कमी बघतात आणि मला जास्त बघतात. त्या वर्षी सहा गोठ्यांनी माझ्या शब्दावर तणस घेतलं होतं. रमेशचा गोठा त्यातला सगळ्यात मोठा.

मी चौथीपर्यंत शिकले. चाऱ्याची पारख शाळेत शिकवत नव्हते, ती आईकडून शिकले. माहेर काटोलकडचं, तेव्हा तिकडे ज्वारीच ज्वारी. आई दोन गोष्टी बघायची. एक, पान. कडब्याला पान टिकून असलं म्हणजे ज्वारी वेळेवर कापली. कणीस वाळून गेल्यावरही पीक उभं ठेवलं की पान झडतं आणि नुसता धांडा, म्हणजे देठ, उरतो. ती म्हणायची, पान म्हणजे भाकर अन् धांडा म्हणजे टोपलं. दुसरी गोष्ट, धांड्याचं बूड चावून बघायचं. थोडी गोडी लागली तर माल घ्यायचा. लाकूड लागलं तर पुढच्या गावाला जायचं.

पुढे ज्वारी गेली. रानडुकरं, पाखरं, सोयाबीन, कारणं सगळ्यांना माहीत आहेत. कडबा मिळेना, म्हणून मी मौदा-रामटेककडचं तणस आणायला लागले. लोक मला अजून कडबेवाली मावशीच म्हणतात. नाव राहिलं, तसा डोक्यातला हिशेबही कडब्याचाच राहिला. ते मला इतकी वर्षं कळलं नाही.

रमेशला म्हटलं, "आधी म्हशी दाखव."

"म्हशी काय दाखवू? म्हशी त्याच हायेत."

"ढेप बदलली?"

"नाई. तीच सरकी ढेप, तेवढीच." ढेप म्हणजे पेंड.

"पाणी?"

"बोअरचंच."

"लस, जंत?"

"सगळं झालं. डॉक्टर येऊन गेला. म्हणे, जनावर चांगलं हाये, पोट भरत नसन. मावशी, पोट पाहा तुमी. ढोल हायेत."

खरंच, पोटं तट्ट फुगलेली होती. पाठीवर मात्र हात ठेवला तर हाड लागत होतं. गव्हाणीत उष्टं काही उरलेलं नव्हतं. म्हशी तणस आवडीने खात होत्या. हे मला फार विचित्र वाटलं. जनावर खात नसेल तर चारा वाईट, हे सरळ आहे. पण खाऊन, रवंथ करून, पोट भरून दूध उतरतं म्हणजे काय? खाल्लेलं जातं कुठे?

खाल्लेलं जातं कुठे हे बघायची जागा एकच. मी रमेशला रेतीची बारीक चाळणी मागितली.

"कायले?"

"शेण धुवाचं हाये."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मावशी, तुमचं वय झालं आता."

"तुह्या म्हशीले बोलता येत नाई, म्हून धुऊन राहिली. नळ सोड."

तीन म्हशींचं ओंजळ-ओंजळ शेण चाळणीवर घेतलं आणि पाणी सोडलं. हिरवं पाणी निघून गेलं. चाळणीवर उरल्या पट्ट्या. बोटभर लांब, अरुंद, धानाच्या पानाच्या पट्ट्या. कडा सुद्धा झिजलेल्या नव्हत्या. जशा आत गेल्या तशा बाहेर आल्या होत्या. देठाचे तुकडे थोडे होते, तेही मऊ पडलेले. बोटाने दाबले की फुटत होते.

मी ते दोन्ही प्रकार उन्हात विटेवर वाळत घातले आणि बसून बघत राहिले. चाळीस वर्षं मी पान विकलं. आणि म्हैस पानच परत देत होती.

आता माझी चूक सांगायची वेळ आली. त्या हंगामात मी ज्या गावातून माल उचलते तिथे पहिल्यांदा हार्वेस्टर आला होता. कापायला माणसं मिळत नाहीत, म्हणून गावाने मिळून बोलावला. हार्वेस्टर उभं पीक कापतो, दाणे टाकीत घेतो आणि काड मागे टाकतो. ड्रायव्हर पंजाबकडचा. तणस मी उभ्या पिकातच ठरवलेलं होतं, म्हणून त्याने मला विचारलं, "माताजी, कितना ऊपर से काटूँ?"

शेतकऱ्यांना तणसाचं घेणंदेणं नव्हतं. त्यांना दाणे हवे होते. म्हणून बोलायचा मान माझा. मी म्हटलं, "घुटने के ऊपर से काटो. नीचे का बूड मत दो."

त्याला आनंदच झाला. उंचावरून कापलं की पात्याला दगड लागत नाही, मशीन भराभर चालते. मला वाटलं, खालचं जाड, चिखलाचं बूड बांधीत, म्हणजे धानाच्या शेतातच राहील आणि वरचं पानाचं तणस माझ्याकडे येईल. आलंही. कापसासारखं मऊ. हातात धरलं की बरं वाटायचं. मी सहाही गोठ्यांवर सांगितलं, असं तणस तुम्ही बघितलं नसेल. ते खरंच होतं.

त्याच गावात सुमनबाई राहते. माझ्याच वयाची, दीड एकर धान. ती हार्वेस्टर लावत नाही, कारण तिच्या बांधीत तो वळतच नाही. ती आणि तिची सून इळ्याने कापतात, अगदी जमिनीला लावून. तिने मला तिचं तणस दाखवलं होतं. मी पेंढी उलटी करून बुडखे बघितले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे म्हशीले घालू का चुलीत घालू वं?" ती पेंढी उचलून घरात घेऊन गेली.

विटेवरच्या पट्ट्या बघताना मला ती पेंढी आठवली. दुसऱ्या दिवशी मी रमेशच्या गाडीवर मागे बसून तिच्या गावाला गेले.

सुमनबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "काय वं, चूल पेटवाले आली?"

"बैल पाहाले आली तुहे."

"पाहा न. बैल काही लपवून नाई ठेवले म्या."

दोन बैल. अंगावर केस चमकत होते. ढेप तिला परवडत नाही. तणस आणि बांधावरचं गवत, एवढंच. रमेश बैलांभोवती दोनदा फिरला आणि एकाच्या पाठीवर हात ठेवून बघितला. हाताला हाड लागलं नाही.

मी विचारलं, "इतक्या खालून काहून कापतं तू?"

मला वाटलं, काही जुनी शहाणपणाची गोष्ट सांगेल. ती म्हणाली, "उभे खुंट राहिले तं पायात घुसते. मले चप्पल घालून बांधीत चालता येत नाई."

"अन् कवा कापलं?"

"लोंब्या पिवळ्या झाल्या, खालचं काड हिरवट होतं तवा. मंग वाळू दिलं अन् पुंजणं लावलं." पुंजणं म्हणजे चुरायच्या आधी रचलेली पेंढ्यांची रास. "तुह्या मशीनची वाट पाहत बसली असती तं दाणे झडले असते. बाजूवाल्याचे झडलेच."

हे मला माहीत होतं, पण त्याचा चाऱ्याशी संबंध मी लावला नव्हता. हार्वेस्टर नंबराने येतो. शिवाय बांधी पूर्ण सुकल्याशिवाय आत शिरत नाही. म्हणून पीक तयार झाल्यावरही वीस-बावीस दिवस उभंच होतं. दाणा वाळला तसं काडही उभ्या-उभ्या वाळून कडक झालं. कडब्याच्या बाबतीत आईने जे पहिलं सांगितलं होतं, वेळेवर कापलेलं बघ, तेच मी सोडून दिलं होतं. नुसतं पान धरून बसले होते.

सुमनबाईच्या पेंढीतलं एक काड मी बुडाशी मोडलं आणि रमेशपुढे धरलं. "चाव."

"मी काय बैल हाओ?"

"माह्ये दात असते तं तुले कायले म्हटलं असतं? चाव."

इथे खरं ते लिहिते. दात गेल्यापासून मी काड चावणं सोडलं होतं. हाताने बघायला लागले होते. हाताला मऊ ते चांगलं वाटतं. गोड आणि लाकूड यातला फरक हाताला कळत नाही.

रमेशने चावलं. आधी तोंड वाकडं केलं, मग सावकाश चघळलं. "थोडंसं गोड हाये, मावशी. लई नाई. पण हाये."

पिशवीतून मी आमच्या तणसाचं काड दिलं. त्याने चावलं आणि थुंकलं. "खराटा." मग पान दिलं. ते त्याने जिभेवरून ओढलं आणि ओरडलाच. पानाने जीभ कापली होती.

सुमनबाई हसली. "निंदणाले कवा आला असता तं माहीत असतं. धानाचं पान हात कापते गा. ज्वारीचं कापते, पण हे जास्त कापते."

परत येताना रमेश म्हणाला, "म्हणजे बूड चांगलं अन् पान खराब?"

मी म्हटलं, "मले नाई पटत." मला खरंच पटत नव्हतं. शेणात पान दिसलं हे खरं. पण पान टिकतं आणि देठ विरघळतो, असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. एका बाईच्या दोन बैलांवरून मी आईला खोटं ठरवणार नव्हते.

म्हणून डॉक्टर मॅडमला फोन लावला. आधी त्या आमच्याकडे जनावरांना लस टोचायला यायच्या. आता नागपुरात एका संशोधनाच्या गोठ्यावर आहेत. त्या म्हणाल्या, "आजी, दोन्ही तणसं घेऊन या. पान वेगळं, देठाचं काड वेगळं करून आणा. आमच्याकडे झाकणाचा बैल आहे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. बैलाच्या डाव्या कुशीला ऑपरेशन करून गोल भोक केलेलं असतं आणि त्यावर रबराचं झाकण बसवलेलं असतं. बैल खातो, पितो, रवंथ करतो, त्याला काही नाही. मी गेले तेव्हा तो माशा हाकलत उभा होता. मॅडमनी झाकण काढलं. "हात घाला आजी, हातमोजा घालून."

मी कोपरापर्यंत हात घातला. ताप आलेल्या माणसाच्या अंगासारखं गरम. वर चाऱ्याचा जाड थर तरंगत होता आणि खाली पातळ. सगळं सावकाश हलत होतं. आंबट वास. इतकी वर्षं मी या पोटासाठी माल निवडला, आणि पोट पहिल्यांदा बघितलं.

मॅडमनी चार छोट्या जाळीच्या पिशव्या घेतल्या. एकीत माझं पान, दुसरीत माझं काड, तिसरीत सुमनबाईचं पान, चौथीत सुमनबाईचं बुडाकडचं काड. चारीत वजनाने सारखं. पिशव्यांना दोरी बांधून त्या पोटात सोडल्या. पोटातले जंतू चारा कुजवतात आणि त्यातूनच जनावराला ताकद मिळते. जे कुजत नाही ते शेणात जातं. दोन दिवसांनी कोणत्या पिशवीत काय उरलं ते बघायचं.

"आजी, तुमचा अंदाज?" मॅडमनी विचारलं.

"पान आधी जाईल," मी म्हटलं. शेण चाळून सुद्धा मी हेच म्हटलं.

ते दोन दिवस रमेशने मला सहा वेळा फोन केला. महिन्याचे बारा दिवस उरले होते. प्रत्येक वेळी मी सांगितलं, बैलाले घाई नसते.

तिसऱ्या दिवशी पिशव्या काढल्या, धुतल्या, वाळवल्या. वजनाची गरजच नव्हती. सुमनबाईच्या बुडाची पिशवी चपटी झाली होती. त्यानंतर माझं काड, पण ते बरंच उरलेलं. मग सुमनबाईचं पान. आणि माझं पान? मी घातलं होतं त्यात आणि बाहेर आलं त्यात फरक शोधावा लागत होता.

मी पिशवी दोनदा उघडून बघितली. "हे अदलाबदल तं नाई झाले?"

"नाही आजी. चिठ्ठ्या बघा." मग त्यांनी समजावलं. धान पाण्यात उभं राहतं आणि जमिनीतून सिलिका ओढतं. सिलिका म्हणजे वाळूत असते, काचेत असते तीच. ती पानात जास्त साठते, देठात कमी. म्हणून पान हात कापतं आणि जंतूंना पानाच्या आत शिरता येत नाही. ज्वारीत, गव्हात तसं नसतं, तिथे पानच चांगलं. "आजी, तुमच्या आईचं कडब्याबद्दल बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तो नियम धानाला लावला. आणि वरून उशिरा कापलं, त्याने उरलेलं काडही कडक झालं. दोन्ही चुका एकाच गंजीत आल्या."

मला बरं वाटलं. आई खोटी ठरली नव्हती. मीच ठरले होते, आणि त्याला उपाय होता.

उपाय म्हणजे दुधाच्या म्हशींना लगेच दुसरं तणस. ते एकाच ठिकाणी होतं. सुमनबाई आणि तिच्यासारखी इळ्याने कापणारी गावातली पाच घरं. मी गेले. सुमनबाई म्हणाली, "देतो न. पण जितक्या बायांसमोर तू चूल म्हटलं होतं, तितक्या बायांसमोर सांग, कोणाचं तणस चांगलं."

तिने खरंच बाया बोलावल्या. मी सांगितलं. माझी जीभ काही झिजली नाही. एक म्हातारी मागून म्हणाली, "जोरात सांग वं, मले ऐकू येत नाई." दुसऱ्यांदा सांगितलं.

रमेशच्या गोठ्यातलं माझं मऊ तणस आटलेल्या म्हशींना आणि खाली अंथरायला गेलं. उरलेल्यावर मॅडमनी समोर उभं राहून युरियाचं पाणी शिंपडवलं आणि प्लास्टिकखाली तीन आठवडे दाबून ठेवलं. त्याने काड मोकळं होतं, जंतूंना शिरायला वाट मिळते. प्रमाण इथे लिहीत नाही. वाचून कोणी अंदाजे करेल आणि म्हैस मरेल. डॉक्टरला विचारा.

महिनाअखेरीला रमेशचे साडेतीन कॅन झाले. भट्टीवाल्याने कुरकुर करत आणखी दहा दिवस दिले. त्यात चौथा कॅन भरला, गळ्यापर्यंत नाही, पण झाकण लावून पाठवण्याइतका. रमेशचं गिऱ्हाईक राहिलं. माझं सगळं राहिलं नाही. सहापैकी दोन गोठे दुसऱ्याकडे गेले. मी त्यांना खरं काय झालं ते स्वतः जाऊन सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तरी गेले. त्यांच्या जागी मी असते तर मीही गेले असते.

पुढच्या हंगामात तोच हार्वेस्टर आला, तोच ड्रायव्हर. मी म्हटलं, "इस बार नीचे से काटो, और पंद्रह दिन पहले आओ."

"माताजी, पिछले साल तो ऊपर बोला था आपने."

"पिछले साल गलत बोला था."

"पहले नहीं आ सकता, नंबर लगा है. और नीचे पत्थर लगता है, ब्लेड टूटेगा."

नंबर मला बदलता आला नाही. दगड मात्र मला आणि सुमनबाईच्या सुनेला वेचता आले. सहा बांध्या झाल्या, त्या त्याने खालून कापल्या. बाकीचं तणस मी घेतलंच नाही. इळ्याने कापणाऱ्यांचं घेतलं, ते पुरेल तेवढेच गोठे ठेवले.

नियम सोबत नेताना तो कुठल्या पिकाचा आहे तेही सोबत न्यावं. बाकी शहाणपण माझ्याकडे नाही.

रमेशने ती रेतीची चाळणी गोठ्याच्या दाराशी खिळ्याला टांगून ठेवली आहे. मी नवीन ट्रॉली घेऊन गेले की तो आता चहाचं विचारतो. पण आधी चाळणी हातात देतो, मग चहा.